तारीख मोठी करा: फ्लेक्सवाल्यांना आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना खुलं पत्र

तालुक्या-तालुक्यातल्या डीटीपीवाल्या, फ्लेक्सवाल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मॅटर टाकून सकाळी सातला फ्लेक्स मागणाऱ्या कार्यकर्ते मंडळींनो,

नमस्कार. मी तुमच्यातलाच. अठरा वर्षं झाली कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर बसून, त्याआधी वडिलांच्या हाताखाली डबे-ब्रश धुवायचो, अण्णा पेंटर होते, दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार सगळं रंगवायचे. हे पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण एका प्रसंगाने ते आतून टोचत राहिलं म्हणून आधी तोच सांगतो.

आमच्याकडे मोफत नेत्र तपासणी शिबिर होतं. दहा बाय सहाचा फ्लेक्स, डिझाईन माझंच. वर देवांचे आणि महापुरुषांचे फोटो, त्याखाली नेते, दोन्ही बाजूला उभे फोटो, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, सगळे मिळून २६ चेहरे. मधे शिबिराचं नाव लाल अक्षरात, त्याला पिवळी आउटलाइन, तिच्या बाहेर पांढरी आउटलाइन, वर काळी शॅडो. आणि तारीख, वेळ, ठिकाण सगळ्यात खाली एका निळ्या पट्टीत, कारण तेवढीच जागा उरली होती. गिऱ्हाईक खूश, मी पण खूश. शिबिर रविवारी झालं. सोमवारी सकाळी मी शटर वर करत होतो तेव्हा एक आजी नातवाचा हात धरून आल्या, वाडीवरून पहिल्या एसटीने आलेल्या, शाळेपाशी कुणीच नाही म्हणून विचारत विचारत माझ्यापर्यंत. "बाळा, डोळ्याचं शिबिर कुठं हाय?" त्यांना कुणीतरी सोमवार सांगितला होता. फ्लेक्स समोरच्याच खांबावर होता, आठ दिवस होता, बाजाराला येताना त्या खालून गेल्या होत्या. मी विचारलं आजी बोर्ड दिसला नाही का, तर म्हणाल्या, "फोटू दिसलं रं, बाकीचं काय उमगलं न्हाय."

त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ज्यांना दिसत नाही त्यांना बोलवायचा फ्लेक्स आणि त्यात तारखेचं अक्षर मी दोन इंचाचं ठेवलं होतं. त्या आल्या पावली परत गेल्या, दोन वेळचं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी, आणि याला जबाबदार मी होतो, दुसरं कुणी नाही.

तेव्हापासून मी डिझाईन या गोष्टीकडे नीट बघायला लागलो. वाचलं, जुन्या पाट्या बघत फिरलो, अण्णा ज्या गोष्टी न सांगता करायचे त्या आठवून बघितल्या. आणि मला जे कळलं त्याचं मूळ एकच आहे, वाचणारा कुठे उभा आहे आणि त्याच्याकडे किती वेळ आहे हे आधी ठरवायचं, मग अक्षर, रंग, फोटो, जागा यातलं बरंचसं आपोआप ठरतं. आपण करतो उलटं, आधी फोटो लावतो आणि उरलेल्या जागेत निरोप कोंबतो.

जरा हिशोब करून बघा. आपला मॉनिटर साधारण वीस इंच रुंद असतो आणि आपण त्याच्यापासून दोन फुटांवर बसतो. दहा फुटी फ्लेक्स म्हणजे १२० इंच, तो वीस इंचात दिसतोय म्हणजे सहा पट लहान. म्हणजे डिझाईन करताना तुम्ही त्या फ्लेक्सपासून बारा फुटांवर उभे असल्यासारखे असता! बारा फुटांवरून सगळंच वाचता येतं हो. पण रस्त्यावरचा माणूस शंभर फुटांवर असतो. गाडीवर चाळीसच्या स्पीडने येणारा माणूस सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकतो, त्याने तीन सेकंद जरी बघितलं (समोर रस्ता, खड्डे, कुत्री सांभाळून तीन सेकंद म्हणजे खूपच झालं) तरी तेवढ्यात तेहतीस मीटर, म्हणजे शंभर फुटांच्या वर अंतर संपलं. पाट्या बनवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षर. शंभर फुटांवरून सहज वाचायचं तर दहा इंचाचं अक्षर पाहिजे. आणि मराठीत ही उंची धरायची शिरोरेघेपासून खालपर्यंत, म्हणजे नुसता 'प' किंवा 'म' जेवढा असतो तेवढी, वेलांटी आणि उकार वेगळे.

आता दहा इंचाचं अक्षर, वर मात्रा-वेलांटीला चार इंच, खाली उकाराला चार इंच, एका ओळीला अठरा इंच झाले. सहा फूट म्हणजे ७२ इंच. चार ओळी. रुंदीत साधारण बारा अक्षरं. दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर रस्त्यावरून वाचता येईल असा एवढाच मजकूर बसतो, बारा अक्षरांच्या चार ओळी. घाबरू नका, पुरतो. "मोफत नेत्र तपासणी" एक ओळ. "रविवार १२ जानेवारी" दुसरी. "सकाळी ९ ते १" तिसरी. "जि. प. शाळा" चौथी. झालं की शिबिर! आजींना एवढंच हवं होतं.

तुम्ही म्हणाल मग फोन नंबर, डॉक्टरांची नावं, सौजन्य हे कुठे टाकायचं. टाका की, त्यासाठी चारही ओळी थोड्या थोड्या लहान करा, पण ते लहान चालतं, कारण ज्याला गरज आहे तो गाडी थांबवून जवळ येतो. यालाच डिझाईनवाले उतरंड म्हणतात, काय आधी दिसावं, काय नंतर, काय फक्त शोधणाऱ्याला. रेल्वे स्टेशनची पाटी डोळ्यासमोर आणा, पिवळ्यावर काळं, गावाचं नाव केवढं मोठं, आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची. दोन्ही माहिती खरी आणि कामाची, पण गर्दीच्या डब्यातून वाकून बघणाऱ्याला फक्त गावाचं नाव हवं असतं. एसटीची पाटी पण तशीच, ठिकाण मोठं, "मार्गे" बारीक. ज्याने कुणी ती पद्धत बसवली त्याने धावत येणारा प्रवासी डोळ्यासमोर ठेवला होता.

घरबसल्या तपासायची सोपी युक्ती सांगतो, मी आता प्रत्येक कामाला करतो. दहा फुटी फ्लेक्सची ए-फोरवर आडवी प्रिंट काढा, ती जवळजवळ दहा पट लहान होते, भिंतीला चिकटवा आणि दहा फूट मागे जाऊन उभे रहा. रस्त्यावरून शंभर फुटांवर जे दिसणार तेच तुम्हाला तिथून दिसतं. प्रिंटर नसेल तर मोबाईल आडवा धरून समोरच्याला पाच फुटांवरून वाचायला सांगा, हिशोब तोच. आणि गिऱ्हाईकालाही असंच दाखवा, कारण तो प्रूफ मोबाईलवर झूम करून बघतो, स्वतःचा चेहरा बघतो, ओके म्हणतो.

चेहऱ्यांचं बोलूयाच. माणसाची नजर आधी चेहऱ्याकडे जाते, हे आपल्या रक्तातच आहे, तान्हं बाळसुद्धा चेहरा शोधतं. त्यामुळे एक मोठा चेहरा असला तर तो दिसतो आणि त्याच्याबरोबर शेजारचा मजकूरही वाचला जातो. २६ सारख्या आकाराचे चेहरे असले की नजर कुठेच थांबत नाही. कार्यकर्ते मित्रांनो, मला माहितेय कुणाचा फोटो राहिला तर रुसवेफुगवे होतात, मंडळ फुटायची वेळ येते, मी हे जवळून बघितलंय. पण उपाय आहे, कार्यक्रमाच्या निरोपाचा फ्लेक्स वेगळा आणि शुभेच्छुकांचा वेगळा करा. चौकात निरोप, मांडवाच्या दारात फोटो, तिथे लोक निवांत उभे असतात, एकेक चेहरा ओळखून बघतात, फोटोवाल्यालाही तिथेच जास्त मान मिळतो.

आणि डीटीपीवाल्यांनो, फोटोतला माणूस फ्लेक्सच्या बाहेर बघत असेल तर बघणाऱ्याची नजरही बाहेर जाते, त्याचं तोंड मजकुराकडे येईल असा ठेवा. पण त्यासाठी फोटो मिरर करू नका, ताईंचा पदर उजव्या खांद्यावर जातो, शर्टाची बटणपट्टी उलटी होते, आणि घरचे लोक लगेच ओळखतात. फोटोची बाजूच बदला, डावीकडचा उजवीकडे न्या.

रंगाच्या बाबतीत आपण सगळ्यात जास्त चुकतो. रंग वेगळे असले म्हणजे अक्षर उठून दिसतं असं वाटतं पण डोळ्याला अक्षर वाचायला उजेडाचा फरक लागतो, एक गडद एक फिकट. लाल आणि हिरवा कितीही वेगळे वाटले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर अक्षर त्यात बुडतं, आणि लाल-हिरव्यात फरकच न कळणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतात, पुरुषांमध्ये तर बायकांपेक्षा पुष्कळच जास्त. वेबसाइट करणाऱ्यांचा याबद्दल एक नियम आहे, अक्षर आणि बॅकग्राऊंड यांच्या उजेडाचं प्रमाण कमीत कमी ४.५ ला १ पाहिजे, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतं. स्क्रीनवरच्या रंगांनी बघितलं तर पिवळ्यावर काळं १९ च्या वर जातं. निळ्यावर लाल, जे आपण सर्रास वापरतो, ते साधारण २. आणि भगव्यावर पांढरं, जे तर जवळजवळ प्रत्येक फ्लेक्सवर असतं, ते पण २ च्या आसपासच! तोच भगवा ठेवा, त्यावर काळं अक्षर टाका, जवळजवळ १० ला १ होतं. भगवा सोडायला कुणी सांगत नाहीये, त्याच्यावरचं अक्षर तेवढं बदला. तपासायचं असेल तर डिझाईनची जेपीजी काढून ग्रेस्केल करा, करड्यात वाचता आलं तर रंगीत नक्की वाचता येईल.

आउटलाइनचा रोग पण इथूनच सुरू होतो. बॅकग्राऊंडला आपण किल्ल्याचा नाहीतर ढगांचा फोटो टाकतो, त्यावर कडेकडेने सोनेरी नक्षी, मग अक्षर दिसत नाही म्हणून आउटलाइन, तरी दिसत नाही म्हणून दुसरी, मग शॅडो. मूळ दुखणं बॅकग्राऊंडचं आणि औषध अक्षराला. बॅकग्राऊंड सपाट करा, एकाही आउटलाइनची गरज पडत नाही. मराठीत तर आउटलाइन जास्तच घातक, कारण 'ळ', 'क्ष', 'ष्ठ' यांच्या पोटातली जागा आधीच एवढीशी असते, जाड आउटलाइनने ती बुजते आणि लांबून नुसता ठोकळा दिसतो. फारच गरज पडली तर कोरलमध्ये बिहाइंड फिल ऑन करा, म्हणजे आउटलाइन अक्षराच्या मागे राहते, आत शिरत नाही.

अक्षराबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ते आपलं आहे, इंग्रजीचे नियम त्याला जसेच्या तसे लागत नाहीत आणि सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीच्या हिशोबाने चालतं. इंग्रजीत कॅपिटल असतं, जोर द्यायला ते वापरतात, आपल्याकडे नाही, आपल्याकडे जाडी आणि आकार हीच दोन हत्यारं. म्हणून सगळंच बोल्ड केलं की काहीच बोल्ड राहत नाही. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो, 'कुस्ती'च्या खाली 'स्पर्धा' आली की बघा काय होतं, म्हणून सॉफ्टवेअर देईल त्यापेक्षा ओळीत जास्त अंतर ठेवा. अक्षरं लांब लांब करायला स्पेसिंग वाढवलं की शिरोरेघ तुटते, शब्दाचे तुकडे होतात. आणि नाव बसत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी दाबलेलं अक्षर, ते तर बघवत नाही. आडवं दाबलं की उभ्या दांड्या बारीक होतात आणि शिरोरेघ तेवढीच जाड राहते, अक्षराचा तोलच जातो. अण्णा कधी अक्षर दाबायचे नाहीत. आधी खडूच्या पुडीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून टिचकी मारायचे, वरची रेघ आणि खालची रेघ, मग कोळशाने हलक्या हाताने सगळी अक्षरं मांडून बघायचे, बसत नसतील तर अख्खी ओळच लहान करायचे नाहीतर मालकाला सांगायचे की शब्द कमी करा. मालक ऐकायचे हो! पेंटरचं ऐकायचे, मग आपलं का ऐकणार नाहीत.

आपल्याकडे अक्षराची केवढी मोठी परंपरा आहे. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे असे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) पाडले की त्यांच्या सुबकपणाचं नाव देशभर होतं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी लिहिली की पेपरातल्या एवढ्याशा चौकोनात, बाकी वीस जाहिरातींच्या गर्दीत, नाटक लांबून ओळखू यायचं, आणि अक्षरातच नाटकाचा स्वभाव दिसायचा. कॉम्प्युटरवर ज्या मंगल फॉन्टमध्ये अख्ख्या सरकारी कचेऱ्या चालल्या तो आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी केलेला. आज मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता, बलू असे फॉन्ट फुकट मिळतात, धंद्याला वापरायला पण परवानगी आहे, आणि त्यात बारीकपासून जाडपर्यंत वजनं आहेत. मग नेटवरून कुठूनतरी उचललेला तुटका फॉन्ट कशाला? युनिकोड फॉन्ट (मोबाईल-कॉम्प्युटर सगळीकडे सारखाच चालणारा) वापरलात तर अजून एक फायदा, व्हॉट्सॲपचं मॅटर सरळ कॉपी-पेस्ट होतं, परत टाइप करावं लागत नाही आणि शुद्धलेखनाच्या निम्म्या चुका तिथेच वाचतात. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी फुटायचं म्हणून आपण सगळे जुन्या फॉन्टला चिकटलो, मी पण, पण आता ते कारण राहिलेलं नाही. फक्त फॉन्ट घेताना 'ल' आणि 'श' टाइप करून बघा, मराठी वळणाचे आहेत की हिंदी, आपला 'ल' पाकळीचा असतो. एका डिझाईनमध्ये दोन फॉन्ट पुरतात, खरंतर एकच पुरतो दोन जाड्यांमध्ये.

जवळच्या गोष्टी जवळ ठेवणे, हेही एक तत्त्व आहे. मॅक्स वर्टहायमर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच लिहून ठेवलंय की जे जवळ दिसतं ते आपलं डोकं एकत्र धरतं. आपण संपर्कासाठी सहा नावं डावीकडे आणि सहा नंबर उजवीकडे टाकतो, मग कुणाचा नंबर कुठला हे बोट लावून शोधावं लागतं. नाव आणि नंबर शेजारी ठेवा. (आणि सहा कशाला, दोन पुरेत, जे फोन उचलतात ते.) तारीख वर एका कोपऱ्यात, वेळ खाली, ठिकाण तिसरीकडे असंही करू नका, ही तिन्ही एकाच घरातली भावंडं आहेत.

आता मोकळी जागा, हे सगळ्यात अवघड, कारण फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर असतात. गिऱ्हाईकाने साठ चौरस फुटाचे पैसे भरलेत, त्याला वाटणारच की रिकामं सोडलं ते पैसे पाण्यात. "हितं जागा हाय बघ, हितं साहेबांचा फोटो टाक." हे वाक्य ऐकलं नाही असा डीटीपीवाला महाराष्ट्रात सापडायचा नाही. मी आता त्यांना रागावत नाही, मी त्यांना विचारतो कपाळावरची टिकली एवढीशी असून कशी दिसते? बाकी कपाळ मोकळं असतं म्हणून. तुमची तारीख त्या टिकलीसारखी बसवू द्या. बरेच जण ऐकतात, सगळे नाही. जे ऐकत नाहीत त्यांना मी दोन प्रूफ पाठवतो, एक त्यांच्या मनासारखं आणि एक चार ओळींचं, आणि सांगतो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोन्ही दाखवा. याचा उपयोग माझ्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त झालाय.

दुकानदार मंडळींनाही जाता जाता एक विनंती. पाटीवर मराठी देवनागरीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असा कायदा २०२२ मध्ये झाला, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर कितीतरी पाट्या घाईघाईने बदलल्या. पण जुन्या पाटीत उरलेल्या फटीत दाबून ताणून मराठी बसवली, मापाला बरोबर, वाचायला अशक्य. पाटी परत करायची वेळ येईल तेव्हा मराठी नावापासून सुरुवात करा.

कार्यकर्ते मित्रांनो, तुमच्याकडून मला तीनच गोष्टी हव्यात. मॅटर निदान दोन दिवस आधी द्या. त्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली ते तुम्ही सांगा, आम्हाला ठरवायला लावू नका. आणि रक्तदान, लसीकरण, डोळे तपासणी, पाणी बंद राहण्याची सूचना, हरवलेलं माणूस असलं काही असेल तर कृपा करून फोटो नकोतच, एकही नको. वाढदिवसाला लावा हवे तेवढे, तो आनंदाचा भाग आहे, मी मन लावून करून देईन. आणि डीटीपीवाल्यांनो, तुमच्याकडून एकच, अशा कामाला दहा मिनिटं जास्त द्या. दहा मिनिटांत एका फ्लेक्सचं नुकसान होत नाही.

या रविवारी आमच्याकडे परत नेत्र तपासणी आहे. फ्लेक्स काल रात्री लावला, पिवळ्यावर काळं, चार ओळी, खाली दोन नंबर आणि एका कोपऱ्यात मंडळाचं नाव. आज सकाळी समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहून मी माझा चष्मा काढला आणि बघितलं. जि. प. शाळा जरा पुसट वाटलं, पुढच्या वेळी ती ओळ अजून जाड करतो. तारीख वाचता आली.

तुमचाच,
एक डीटीपीवाला